चार्ज डेन्सिटी वेव्हवर काम सुरू करताना

द्विमितीय पदार्थांमधल्या चार्ज डेन्सिटी वेव्हची (पुढे नुसतं सीडीडब्ल्यू; म्हणजे इलेक्ट्रॉनांची घनता लाटेसारखी ठरावीक अंतराने कमी-जास्त होणं आणि जाळीनेही तिच्याबरोबर वाकणं) ओळख बहुतेकांना पायर्ल्सच्या एकमितीय साखळीतून होते. सारख्या अंतरावरचे अणू, अर्धा भरलेला पट्टा. अणू जोडीजोडीने जवळ सरकतात, फर्मी पातळीवर गॅप उघडते आणि इलेक्ट्रॉनांची जी ऊर्जा वाचते त्यातून जाळी वाकवण्याचा खर्च भागतो. चित्र सुबक आहे, परीक्षेत गुणही मिळवून देतं. पण तेच डोक्यात ठेवून द्विमितीय मापनांकडे पाहिलं की जिकडेतिकडे 'नेस्टिंग' (फर्मी सरफेसचा, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थांमधल्या सीमेचा, एक तुकडा सरकवल्यावर दुसऱ्यावर चपखल बसणं) दिसू लागतं, आणि बहुतेक वेळा ते तिथे नसतं.

इलेक्ट्रॉन वायूवर ठरावीक तरंगसदिशाचा (लाटेची दिशा आणि दाटी सांगणारी राशी) विभव लावला तर घनता किती डोलेल, हे लिंडहार्ड फलन सांगतं. एका मितीत, शून्य तापमानाला, फर्मी तरंगसदिशाच्या दुपटीवर हे फलन लॉगॅरिदमच्या चालीने अनंताकडे जातं. दोन मितींत, वर्तुळाकार फर्मी सरफेस असेल तर, ते त्या दुपटीपर्यंत सपाट राहतं आणि पुढे उतरतं. सुळका नाही, नुसता कोपरा. त्यामुळे 'फर्मी सरफेसचा आकार पाहा, सीडीडब्ल्यूचा तरंगसदिश मिळेल' हे विधान दोन मितींत आपोआप खरं ठरत नाही, पदार्थागणिक तपासावं लागतं. जोहान्स आणि माझिन यांनी २००८ मध्ये काही प्रसिद्ध पदार्थांची गणितं करून असं मांडलं की खऱ्या अर्थाने पायर्ल्सच्या वाटेने होणारी संक्रमणं असलीच तर फार थोडी आहेत. अनेक पदार्थांत निर्णायक ठरते ती इलेक्ट्रॉन आणि फोनॉन (जाळीची कंपनं) यांची जोडणी आणि ती तरंगसदिशानुसार कशी बदलते ही गोष्ट.

या क्षेत्रात उतरणाऱ्याने म्हणून एक शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. जाळी हलल्याचा पुरावा आणि इलेक्ट्रॉनांची रचना बदलल्याचा पुरावा, दोन्ही एकाच तरंगसदिशाला आणि एकाच तापमानाला मिळेपर्यंत 'सीडीडब्ल्यू सापडली' असं लिहायचं नाही. खाली जे काही आहे ते हे दोन पुरावे मिळवताना काय काय आडवं येतं याबद्दल आहे.

आधी एक छोटा प्रोग्रॅम

प्रयोग करणार असाल तरी हे करा. आठवडाभराचं काम आहे. चौरस जाळी घ्या, एकच पट्टा, शेजारच्या अणूवर उडी मारण्याचं मूल्य 'टी'. पट्टा अर्धा भरलेला. ब्रिलुआँ झोनमध्ये (तरंगसदिशांच्या अवकाशातला एकक कक्ष) २०० × २०० बिंदूंची ग्रिड टाका, तापमान ०.०५ टी ठेवा. दर तरंगसदिशासाठी ग्रिडवरचा बिंदू आणि त्या तरंगसदिशाने सरकवलेला बिंदू यांच्या दोन फर्मी फलनांमधला फरक भागिले त्या दोन ऊर्जांमधला फरक, अशी बेरीज सगळ्या बिंदूंवर करा. दोन ऊर्जा जवळपास सारख्या आल्या की छेद शून्य होतो आणि आकड्यांऐवजी कचरा बाहेर पडतो. तिथे भागाकाराच्या जागी फर्मी फलनाचा अवकलज वापरायचा. हे न केल्याने पहिला प्रयत्न जवळजवळ सगळ्यांचाच फसतो.

झोनच्या कोपऱ्यावर, म्हणजे (π, π) या बिंदूवर, उंच सुळका दिसेल. आता कर्णावरच्या शेजाऱ्यासाठी उणे ०.३ टी एवढी उडी घाला आणि पट्टा अर्धाच भरलेला राहील अशा बेताने केमिकल पोटेन्शियल पुन्हा शोधा. सुळका बसतो. मग तापमान ०.०१ टी पर्यंत उतरवा. पहिल्या उदाहरणात सुळका वाढत जातो, दुसऱ्यात थोडं वाढून थबकतो. इथे आणखी एक खड्डा आहे: २०० बिंदूंच्या ग्रिडवर ऊर्जांमधलं अंतर साधारण ०.०४ टी असतं, ते तापमानापेक्षा मोठं झालं की आलेख दातेरी होतो आणि ते दाते खरे वाटतात. तापमान पाचपट उतरवलंत तर ग्रिडही तेवढ्या पटीने बारीक करा.

यानंतर त्याच फलनाचा काल्पनिक भाग काढा, म्हणजे फर्मी सरफेसचे तुकडे एकमेकांवर किती बसतात त्याची मोजदाद. शोधनिबंधांत 'नेस्टिंग फंक्शन' म्हणून जो रंगीत नकाशा छापतात तो बहुधा हाच असतो. अस्थिरता मात्र वास्तव भागाने ठरते, आणि त्यात फर्मी पातळीपासून दूरच्या अवस्थाही भाग घेतात. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहिलेल्या माणसाला पुढे कुठल्याही निबंधातला नेस्टिंगचा दावा वाचताना काय विचारायचं ते आपोआप कळतं.

कोणता पदार्थ घ्यायचा

पहिला प्रयोग १टी-टँटॅलम डायसल्फाइडवर करावा असं आमचं स्पष्ट मत आहे. (१टी आणि २एच ही अशा पदार्थांतल्या अणूंच्या थररचनेची नावं.) ५५० केल्विनच्या आसपास त्यात जाळीशी न जुळणारी सीडीडब्ल्यू असते, ३५० केल्विनजवळ ती जवळपास जुळणारी होते, आणि थंड करताना १८० केल्विनच्या सुमारास पूर्ण जुळते. पूर्ण जुळलेल्या अवस्थेत तेरा टँटॅलम अणूंचे तारे बनतात: मधल्या एका अणूकडे बाकीचे बारा सरकतात. नवी जाळी मूळ जाळीच्या तेराच्या वर्गमूळाइतक्या पटीची, १३.९ अंशांनी वळलेली. मूळ जाळीचं अंतर ०.३३६ नॅनोमीटर, ताऱ्यांमधलं १.२१ नॅनोमीटर. रोधातली उडी एवढी ठसठशीत असते की मोजमापाची मांडणी बरोबर आहे की नाही हे त्याच दिवशी समजतं. खोलीच्या तापमानालाच सीडीडब्ल्यू असल्यामुळे हवेतल्या साध्या एसटीएमवरही (टोकदार सुईने पृष्ठभागावरचे अणू दाखवणारा सूक्ष्मदर्शक) तिची नक्षी दिसू शकते.

२एच-नायोबियम डायसेलेनाइडवर सगळ्यात जास्त लिहिलं गेलंय, कारण त्यात ३३ केल्विनला सीडीडब्ल्यू आणि ७.२ केल्विनला अतिवाहकता, दोन्ही आहेत. पण रोधाच्या आलेखात ३३ केल्विनचा उंचवटा इतका पुसट असतो की अवकलज काढल्याशिवाय दिसत नाही, आणि सॅम्पल मळकट असेल तर अवकलजातही दिसत नाही. ३०० केल्विनचा रोध भागिले ८ केल्विनचा रोध ३० च्या वर आला तर स्फटिक चांगला समजा.

१टी-टायटॅनियम डायसेलेनाइडमध्ये २०० केल्विनजवळ तिन्ही दिशांनी दुप्पट झालेली जाळी येते. यात इलेक्ट्रॉन-होल आकर्षणाचा वाटा किती आणि फोनॉनचा किती, हा वाद बराच जुना आहे. तो मिटवायला म्हणून या पदार्थाकडे येऊ नये. सॅम्पलची पारख मात्र इथे छान करता येते. १६५ केल्विनजवळ रोधाचं शिखर येतं. त्याचं ३०० केल्विनच्या रोधाशी गुणोत्तर तीन-चारच्या घरात असेल तर टायटॅनियमचं प्रमाण नेमकं आहे. जादा टायटॅनियम थरांच्या मधे शिरला की शिखर खचतं. हा जादा टायटॅनियम येतो तो बहुतांशी स्फटिक फार गरम तापमानाला वाढवल्यामुळे, म्हणून ६५० अंश सेल्सिअसच्या खाली राहणं शहाणपणाचं.

कागोमे (त्रिकोण आणि षटकोन विणलेल्या) जाळीच्या सीझियम-व्हॅनेडियम-अँटिमनी संयुगात (९४ केल्विनला सीडीडब्ल्यू, २.५ ला अतिवाहकता) सध्या फार गर्दी आहे. हाताशी चांगले स्फटिक आणि एखादं वेगळं मापन असेल तरच त्यात शिरा.

स्फटिक वाढवणं

आयोडीन वापरून बाष्पवहनाने स्फटिक वाढवायचे. टँटॅलम डायसल्फाइडसाठी क्वार्ट्झची नळी १५ सेंटिमीटर लांब, आतला व्यास १२ मिलिमीटर, भिंत किमान एक मिलिमीटर. आतलं आकारमान साधारण १७ घन सेंटिमीटर. टँटॅलम आणि गंधकाचं एक ग्रॅम मिश्रण, वर २० मिलिग्रॅम जादा गंधक, आणि दर घन सेंटिमीटरला ३ मिलिग्रॅम म्हणजे ५० मिलिग्रॅम आयोडीन.

नळी सील करण्याआधी हा हिशोब कागदावर करायची सवय लावा. गरम टोक ९५० अंशांवर असताना २० मिलिग्रॅम जादा गंधक द्विअणू वायू धरला तर सुमारे १.८ वातावरण दाब देतो, आयोडीन आणखी १.२. एकूण तीन, नळी सहज झेलते. पण एक ग्रॅम मिश्रणातलं सगळं गंधक, म्हणजे २६० मिलिग्रॅम, टँटॅलमशी संयोग न पावता वायूरूपात राहिलं तर तोच आकडा चोवीस वातावरणांवर जातो, आणि नळी भट्टीतच फुटते. म्हणून तापमान एकदम चढवायचं नाही. ताशी ५० अंशांनी ४५० पर्यंत, तिथे एक दिवस मुक्काम, मग पुढे. गंधक १ वातावरण दाबाला ४४५ अंशांवर उकळतं, तेव्हा या टप्प्यावर घाई अंगाशी येते.

पंप लावताना नळीचं तळ द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवा. नाहीतर आयोडीन उडून पंपात जातं: नळीतलं प्रमाण बिघडतं आणि पंपाचं तेलही खराब होतं. वहन सुरू करण्याआधी एक दिवस तापमानाचा उतार उलटा ठेवा, म्हणजे जिथे स्फटिक वाढवायचे आहेत ते टोक अधिक गरम. तिथे चिकटलेले कण निघून जातात आणि नंतर खूप बारके स्फटिक येण्याऐवजी मोजके मोठे येतात. मग गरम टोक ९५० आणि थंड टोक ८५०, एक ते दोन आठवडे.

१टी ही रचना उच्च तापमानाची आहे. भट्टी बंद करून सावकाश थंड होऊ दिलीत तर २एच हाती येईल. म्हणून नळी गरम असतानाच बाहेर काढून पाण्यात टाकावी लागते. चेहऱ्यावर शील्ड, हातात लांब चिमटा, आणि दोघांनी मिळून. बाहेर आलेले स्फटिक सोनेरी चकचकीत असतील तर १टी. करडे-काळे असतील तर काम पुन्हा.

रोध मोजताना

चार टोकांची पद्धत, २५ मायक्रॉन सोन्याच्या तारा, चांदीची पेस्ट. लॉक-इन अँप्लिफायरची वारंवारता मेन्सच्या पटीत येणार नाही अशी, १७ हर्ट्झच्या आसपास. मोठ्या स्फटिकाला एक मिलिअँपिअर चालतो, पातळ पापुद्र्याला एक मायक्रोअँपिअरपासून सुरुवात करा.

तापमान मिनिटाला एक केल्विनपेक्षा वेगाने बदलू नका, आणि थंड करताना व गरम करताना असे दोन्ही आलेख घ्या. टँटॅलम डायसल्फाइडमध्ये थंड करताना १८० ला होणारी उडी गरम करताना २२० च्या सुमारास परतते. हा फरक खरा. पण थर्मामीटर सॅम्पलपासून लांब असला तरी असाच फरक दिसतो. वेग निम्मा करा: फरकही निम्मा झाला तर तो थर्मामीटरचा, जवळपास तेवढाच राहिला तर सॅम्पलचा. या एका चाचणीने बरेच 'पहिल्या दर्जाचे संक्रमण' असल्याचे दावे निकालात निघतात.

थंड करताना रोध उडाला आणि परत गरम केल्यावर मूळ जागी आलाच नाही, तर ते भौतिकशास्त्र नव्हे, तडा आहे. या संक्रमणांत थरांमधलं अंतरही बदलतं आणि पेस्टने घट्ट धरलेला स्फटिक चिरतो. एका बाजूलाच घट्ट चिकटवा, दुसरी मोकळी ठेवा.

पापुद्रे काढणाऱ्यांसाठी एक इशारा. दहा नॅनोमीटरच्या खाली गेलं की टँटॅलम डायसल्फाइडमधलं १८० केल्विनचं संक्रमण नेहमीच्या वेगाने थंड केल्यास पुढे ढकललं जातं किंवा नाहीसं होतं. ते जाडीमुळे की हवेतल्या ऑक्सिडेशनमुळे, हे वेगळं करण्यासाठी निष्क्रिय वायूच्या पेटीत (ऑक्सिजन १ पीपीएमच्या खाली) पापुद्रा काढून लगेच षटकोनी बोरॉन नायट्राइडने दोन्हीकडून झाकावा लागतो. न झाकलेल्या सॅम्पलवरून जाडीबद्दल काहीही बोलू नये.

एसटीएम: किती मोठं चित्र पुरे

एसटीएमच्या चित्राचं फूरियर रूपांतर घेतलं, सहा ठिपके दिसले, 'तीन बाय तीन सीडीडब्ल्यू' लिहून मोकळं झालं, हा नवशिक्यांचा आवडता मार्ग. नायोबियम डायसेलेनाइडवर हिशोब करून पाहू. जाळीचं अंतर ०.३४४ नॅनोमीटर, म्हणून व्यस्त जाळीचा सदिश २१.१ प्रति नॅनोमीटर. नेमकी जुळणारी सीडीडब्ल्यू असेल तर ठिपका त्याच्या ०.३३३ वर येईल, प्रत्यक्षात स्फटिकात ती ०.३२८ वर असते. दोघांतलं अंतर ०.११ प्रति नॅनोमीटर. आता ३० नॅनोमीटर रुंदीच्या चित्राच्या फूरियर रूपांतरात एक चौकट म्हणजे २π भागिले ३०, म्हणजे ०.२१. ठिपका सरकलाय की नाही हे त्या चित्रात कळणंच शक्य नाही. ६० नॅनोमीटरला फरक जेमतेम एका चौकटीचा होतो. शंभरच्या पुढे गेलात तर बोलता येईल. ६० नॅनोमीटरसाठी प्रत्येक ओळीत किमान ५१२ बिंदू हवेत, नाहीतर अणूंच्या ओळी नीट उमटत नाहीत आणि मोजपट्टी म्हणून वापरायचे मूळ जाळीचे ठिपकेच (ब्रॅग ठिपके) हरवतात.

मोठं चित्र म्हणजे जास्त वेळ, आणि जास्त वेळ म्हणजे ड्रिफ्ट, चित्र हळूहळू सरकणं. नवीन जागी टोक नेल्यावर पिझो (टोक हलवणारा स्फटिक) रांगत राहतो. तासभर थांबा, किंवा त्याच जागेची दोन-तीन चित्रं घेऊन पहिलं टाकून द्या. सीडीडब्ल्यूचा सदिश नेहमी त्याच चित्रातल्या ब्रॅग ठिपक्यांच्या प्रमाणात मोजा, नॅनोमीटरमध्ये नाही. दोन्ही सारखेच ताणले गेलेले असतात, त्यामुळे ड्रिफ्टचा बराचसा परिणाम आपसूक निघून जातो.

ठिपके सीडीडब्ल्यूचे की अशुद्धींवरून विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या व्यतिकरणाचे? एकाच चित्रावरून सांगता येत नाही. एकाच जागेचे वेगवेगळ्या व्होल्टेजला स्पेक्ट्रोस्कोपी नकाशे घ्या, निदान आठ-दहा ऊर्जा. व्यतिकरणाचे ठिपके ऊर्जेबरोबर सरकतात, सीडीडब्ल्यूचे जागचे हलत नाहीत. जाळी हललेली नसेल तर न सरकणारे ठिपके सहसा मिळत नाहीत, म्हणून सगळ्या चाचण्यांत हिचं वजन जास्त.

आणखी एक. नायोबियम डायसेलेनाइडमध्ये ३३ केल्विनच्या बऱ्याच वर, तिपटीपर्यंत, दोषांच्या भोवती सीडीडब्ल्यूचे ठिगळ दिसतात. ते खरे आहेत, पण म्हणून संक्रमणाचं तापमान १०० केल्विन होत नाही. दोषांपासून लांबची जागा निवडा, आणि ठिपके आहेत की नाहीत याऐवजी क्रम किती नॅनोमीटरपर्यंत टिकतो ते मोजा. दोन मितींत न जुळणाऱ्या सीडीडब्ल्यूला शून्याच्या वर पूर्ण लांब पल्ल्याचा क्रम तसाही मिळत नाही. अशुद्धींनी तर तो आणखी तुटतो. ठिपक्याची रुंदी न लिहिलेला निकाल अर्धाच निकाल.

एकाच थराचा वाद

नायोबियम डायसेलेनाइडचा एकच थर घेतला तर सीडीडब्ल्यूचं तापमान वाढतं की नाही? २०१५ मध्ये चिकटपट्टीने काढलेल्या थरांवर रामन मापनांतून (विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून जाळीची कंपनं ओळखणं) १४५ केल्विन हा आकडा आला. २०१६ मध्ये ग्राफिनवर वाढवलेल्या थरावर एसटीएमने सीडीडब्ल्यू २५ केल्विनला क्षीण होताना आणि ४५ ला नाहीशी झालेली दिसली. पदार्थ एक, आकडे तिप्पट वेगळे. नव्याने येणाऱ्याला यातून कोण बरोबर हे शोधण्यापेक्षा काय काय वेगळं होतं याची यादी करणं जास्त शिकवून जातं. खालचा आधार वेगळा, आणि ग्राफिन थराला इलेक्ट्रॉन देऊ-घेऊ शकतं, ताण वेगळा, रामनला जाळीचं डोलण्याचं नवं रूप (मोड) दिसतं तर एसटीएमला स्थिर नक्षी, एक लेझरच्या ठिपक्याएवढी सरासरी घेतं, दुसरं काही नॅनोमीटर पाहतं. रामनमध्ये वर-खाली होणारी कुठलीही कंपनं, सीडीडब्ल्यू अजून गोठलेली नसली तरी, दिसू शकतात. एसटीएममध्ये गोठलेलीच दिसतात.

रामन करणाऱ्यांनी लेझरने सॅम्पल तापतंय का हे आधी पाहावं. एका थरासाठी शक्ती १०० मायक्रोवॉटच्या खाली ठेवा, मग ती निम्मी करून तोच स्पेक्ट्रम घ्या. शिखराची जागा किंवा रुंदी बदलली तर नोंदलेलं तापमान खोटं आहे. सीडीडब्ल्यूचा डोलणारा मोड या पदार्थात ४० प्रति सेंटिमीटरच्या आसपास येतो, त्यामुळे लेझरची मूळ रेषा नीट कापणारे फिल्टर नसतील तर ते शिखर दिसणारच नाही.

गणिती कामाकडे जाणार असाल तर

डेन्सिटी फंक्शनल थिअरीत (अणूंच्या रचनेवरून इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढण्याची गणिती पद्धत) सीडीडब्ल्यू दिसते ती काल्पनिक वारंवारतेच्या फोनॉनच्या रूपात. बहुतेक प्रोग्रॅम ती ऋण आकडा म्हणून छापतात. तीन ठिकाणी गाडी अडते.

पहिलं, स्मिअरिंग, म्हणजे फर्मी पातळीजवळच्या अवस्थांची भरणी गणितासाठी थोडी पसरवणं. फर्मी-डिरॅक प्रकारचं ०.०१ रिडबर्ग स्मिअरिंग म्हणजे इलेक्ट्रॉनांचं तापमान सुमारे १,५८० केल्विन. एवढ्या तापमानाला अस्थिरता सहज झाकली जाते. ते उतरवत न्या, के-बिंदू (ब्रिलुआँ झोनमधले ग्रिडचे बिंदू) वाढवत न्या, आणि ऋण वारंवारता कुठे स्थिरावते ते आलेखात दाखवा. उलट, स्मिअरिंग वाढवत ती वारंवारता शून्य कधी होते ते पाहून तेच संक्रमणाचं तापमान असं लिहू नका. जाळीची कंपनं त्यात धरलेलीच नसतात, आणि आकडा बहुधा खूप मोठा येतो.

दुसरं, क्यू-ग्रिड, म्हणजे ज्या तरंगसदिशांवर फोनॉन काढतात ते बिंदू. नायोबियम डायसेलेनाइडची अस्थिरता व्यस्त सदिशाच्या एक तृतीयांशावर आहे. ८ × ८ च्या ग्रिडवर तो बिंदूच नसतो, आणि मधलं फूरियर इंटरपोलेशन काहीही सांगू शकतं. ६ × ६ किंवा १२ × १२ घ्या. टँटॅलम डायसल्फाइडच्या तेरा-अणूंच्या ताऱ्यासाठी नेहमीच्या ग्रिडचा उपयोग नाही. ३९ अणूंचा (तेरा टँटॅलम, सव्वीस गंधक) सरळ मोठा सेल घेऊन तो शिथिल होऊ द्यावा.

तिसरं, सममिती. मूळ, न वाकलेल्या रचनेपासून सुरुवात केलीत तर प्रत्येक अणूवरचं बल सममितीमुळे शून्यच असतं आणि प्रोग्रॅम पहिल्याच पायरीला 'झालं' म्हणून थांबतो. अणूंना ०.०३ ते ०.०५ अँगस्ट्रॉम इतके वेडेवाकडे धक्के द्या, सममिती बंद करा, बलाची मर्यादा ०.००१ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति अँगस्ट्रॉम ठेवा. एका थराच्या तीन बाय तीन रचनेत मिळणारी ऊर्जा दर रासायनिक सूत्रामागे (फॉर्म्युला युनिट) काही मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट एवढीच असते, त्यामुळे ढोबळ मर्यादा लावून दोन रचनांची तुलना करता येत नाही. एकाच थरासाठी मधली पोकळी १५ ते २० अँगस्ट्रॉम.

अर्धवाहकातला इलेक्ट्रॉन वायू

इथवर सगळं जाळीशी बांधलेलं. गॅलियम आर्सेनाइडच्या रचनांमधल्या इलेक्ट्रॉन वायूत मात्र लंब दिशेने चुंबकीय क्षेत्र लावलं की निव्वळ इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या प्रतिकर्षणामुळे त्यांच्या घनतेचे पट्टे बनतात. १९९६ मध्ये कुलाकोव्ह, फोग्लर आणि श्क्लोव्हस्की यांनी हे भाकीत केलं, आणि १९९९ मध्ये नऊ-द्वितीयांश आणि अकरा-द्वितीयांश भरणीला (क्षेत्रात बनणाऱ्या ऊर्जापातळ्या किती भरल्या त्याचा आकडा) रोध एका दिशेने प्रचंड आणि काटकोनात अगदी कमी, असा दिसला. याला चलनक्षमता दर व्होल्ट-सेकंदाला एक कोटी चौरस सेंटिमीटरच्या घरातली लागते, आणि तापमान १०० मिलिकेल्विनच्या खाली. सगळ्यात वरच्या पातळीची भरणी चतुर्थांशाजवळ गेली की पट्ट्यांऐवजी बुडबुड्यांची रचना येते, आणि तिथे हॉल रोध (प्रवाहाच्या आडव्या दिशेने मोजलेला) शेजारच्या पूर्णांकाच्या मूल्यावर परत जातो.

यात दोन गोष्टींनी लोक फसतात. चौकोनी सॅम्पलमध्ये मोजलेल्या दोन रोधांचं गुणोत्तर शंभरावर गेलं तरी विशिष्ट रोधाचं गुणोत्तर त्याहून कितीतरी लहान असतं, कारण प्रवाह चौकोनाच्या कोपऱ्यांतून वाट बदलतो आणि फरक फुगवतो. लांबट पट्टीच्या सॅम्पलवर (हॉल बार) किंवा विद्युतक्षेत्राचं गणित करून विशिष्ट रोध काढल्याशिवाय आकडा छापू नये. दुसरं, मिक्सिंग चेंबरवरचा (शीतयंत्राचा सगळ्यात थंड भाग) थर्मामीटर २० मिलिकेल्विन दाखवतो म्हणजे इलेक्ट्रॉन तेवढे थंड आहेत असं नाही. प्रवाह १० नॅनोअँपिअरच्या खाली आणा. प्रवाह आणखी निम्मा केल्यावर रोधाचं शिखर बदललं नाही तरच इलेक्ट्रॉन थंड झाले म्हणायचे. प्रत्येक तारेवर खोलीच्या तापमानापासून येणारा रेडिओ गोंगाट गाळणारे फिल्टर नसतील तर कितीही थांबलात तरी हे जमत नाही.

मार्ग निवडताना

वर पाहिलेल्या कामांत रुळायला लागणारा वेळ सारखा नसतो. गणिती काम लवकर सुरू होतं, पण तीन-चार महिन्यांनी हाती आकडे असतात आणि त्यांचा अर्थ लावायला प्रयोगातली माणसं लागतात. म्हणून एखाद्या प्रायोगिक गटाशी आधी बोलणं करून ठेवा. स्फटिक वाढवणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या निबंधांत येतं, आणि पहिलं वर्ष नुसत्या नळ्या, भट्ट्या आणि वाया गेलेल्या बॅचमध्ये जातं. एसटीएम आणि फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीत (प्रकाशाने बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांवरून त्यांचे ऊर्जापट्टे मोजणं) यंत्रावर हात बसायलाच वर्ष लागतं, कारण दहाचा उणे अकरावा घात मिलिबारच्या पोकळीत काहीही बिघडलं तरी चेंबर उघडून, भाजून, परत पंप करण्यात आठवडा जातो. गट निवडताना प्रसिद्ध निबंधांपेक्षा हे विचारा: तुमच्या यंत्रावर शेवटचं चांगलं मापन कधी झालं, आणि सॅम्पल कोण देतं.

सिंक्रोट्रॉनवरचा (प्रखर एक्स-रे देणारं मोठं सामायिक यंत्र) वेळ मागायचा असेल तर प्रस्तावात रोधाचा आलेख, एक्स-रे आणि आधीच्या कुठल्याही मापनातून मिळालेला तरंगसदिश हे तिन्ही हवं. नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात. वेळ मिळाला की सॅम्पल आधीच होल्डरवर चिकटवून, प्रत्येकाचा रोध मोजून आणि अंक टाकून न्या. फोटोइलेक्ट्रॉनसाठी प्रत्येकावर चिरण्याचा खांब (तो पाडला की वरचा थर निघून ताजा पृष्ठभाग उघडतो) बसवलेला हवा, आणि एक पापुद्रा सपाट निघाला नाही तर पुढचा घ्यायला निदान पाच जादा. खांबाला लावलेला एपॉक्सी भाजण्याच्या तापमानाला टिकतो का हे घरच्या चेंबरमध्ये आधी एकदा करून बघा. बीमलाइनवर खांब गळून पडला तर त्या सॅम्पलचा वेळ गेला.